बाळ अजून पिवळं आहे

रोज संध्याकाळी सहा वाजता केरू तेच वाक्य बोलायचा.

"बाळ अजून पिवळं आहे."

बाळ चौदा वर्षांचं होतं. त्याचं नाव शाल्मली. तिला कावीळ नव्हती, कधी झालीही नव्हती. मग ती केरूला पिवळी का दिसायची? हे कोडं सुटायला चोवीस दिवस लागले. खरं तर ते दुसऱ्याच दिवशी सुटायला हवं होतं. का सुटलं नाही, तेही सांगतो.

मी शाल्मलीच्या आईचा बाप. ती मला आबा म्हणते. मी शास्त्रज्ञ नाही. मिरजेच्या एका दवाखान्यात छत्तीस वर्षं दिवे दुरुस्त करत होतो. शस्त्रक्रियेचे दिवे, दात बघायचे दिवे आणि कावीळ झालेल्या नवजात बाळांना लावतात ते निळे दिवे. माझी बायको रोहिणी त्याच दवाखान्यात बाळांच्या कक्षात सिस्टर होती. निळा दिवा बंद पडला की ती मला बोलवायची. आमची ओळखही तशीच झाली.

केरू त्याच कक्षातला यंत्रमानव (सांगितलेलं काम आपणहून करणारं यंत्र). उंची माझ्या कमरेएवढी, हात एकच आणि त्या हाताच्या टोकाला पोळपाटाएवढा दिवा. कंपनीने त्याला लांबलचक नाव दिलं होतं. पहिल्याच महिन्यात तो तीनदा बिघडला. तेव्हा रोहिणीने त्याचं नाव केरू ठेवलं. पूर्वी ज्या घरात मुलं जगत नसत, तिथे मुलाला नजर लागू नये म्हणून मुद्दाम असं कचऱ्यावरचं नाव ठेवत. रोहिणीचा नजरेवर विश्वास नव्हता. पण त्यानंतर केरू अठरा वर्षं बिघडला नाही. ती मला म्हणायची, "तुमच्या दुरुस्तीपेक्षा माझं नाव पक्कं निघालं."

केरूला तिने तीन वाक्यं शिकवली होती, स्वतःच्या आवाजात. दिवा लावण्याआधी, "डोळे झाकले का?" बाळाला तपासल्यावर, "बाळ अजून पिवळं आहे." आणि पिवळेपणा गेला की, "बाळाला घरी न्यायला हरकत नाही." हे तिसरं वाक्य ऐकून बाळांच्या आया रडायच्या.

दवाखान्यात नवी यंत्रं आली तेव्हा केरू भंगारात निघाला. रोहिणी त्याला टेम्पोत घालून घरी घेऊन आली.

गेल्या श्रावणात रोहिणी गेली. ताप आला आणि सहा दिवसांत संपलं. घरी आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती केरूची वीज काढली. त्याच्यावर चादर टाकली. तो तिच्या आवाजात बोलायचा, आणि ते मला ऐकवत नव्हतं.

शाल्मली दोन वर्षांपासून आमच्याकडे शिकायला आहे. तिची आई पल्लवी रत्नागिरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात काम करते आणि महिन्यातून दोनदा येते. आजी गेल्यानंतर घरात आम्ही दोघंच उरलो. दोघंही फार बोलत नव्हतो. कुकरच्या शिट्ट्या मोजायचो तेवढंच.

त्याच दिवसांत तिच्या चेहऱ्यावर मुरुम वाढले. कपाळ, गाल, हनुवटी, कुठे जागा राहिली नाही. ती स्कूटरवर बांधतात तसा स्कार्फ घरातही बांधून बसायला लागली. मला तिचे फक्त डोळे दिसायचे.

तिच्या शाळेच्या दारात चेहरा ओळखणारं यंत्र आहे. चेहरा दिसला की दार उघडतं. दिवाळीची सुट्टी संपल्यावर ती स्कार्फ बांधून दारात उभी राहिली. यंत्र म्हणालं, "चेहरा दाखवा." पुन्हा म्हणालं, "चेहरा दाखवा." मागे रांग थांबली. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "ए कारलं, दाखव की तोंड!" सगळे हसले. शाल्मली परत फिरली ती शाळेत गेलीच नाही.

बाईंनी फोन करून सांगितलं, घरून अभ्यास केला तर चालेल, पण फेब्रुवारीच्या शेवटी होणारी परीक्षा वर्गात बसून द्यावी लागेल. नाहीतर वर्ष गेलं.

"जाऊ दे वर्ष," शाल्मली स्कार्फमधून म्हणाली.

मी तिला त्वचेच्या डॉक्टर नसीमा मुजावर यांच्याकडे नेलं. तिने मला बाहेरच बसवलं. अर्ध्या तासाने ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे मोठे झाले होते.

"आबा, माझ्या तोंडावर निखारे आहेत."

"काय आहेत?"

"डॉक्टरांनी खोलीत अंधार केला आणि जांभळा दिवा लावला. आरशात बघितलं तर सगळीकडे केशरी ठिपके चमकत होते. त्यांनी मोजले. एकसष्ट. ते काय आहेत ते आबांना विचार म्हणाल्या, त्यांना उजेडातलं कळतं."

घरी येऊन मी चहा टाकला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिला सांगितलं.

"आपल्या त्वचेत तेलग्रंथी (तेल तयार करणाऱ्या अगदी बारीक पिशव्या) असतात. तुझ्या वयात त्या जास्त तेल करतात. पिशवीचं तोंड बंद झालं की तेल आत साचतं. त्या तेलावर जगणारे जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे एकपेशी जीव) आत वाढतात. मग शरीर त्यांच्याशी भांडतं. भांडणाची जागा लाल होते, सुजते, दुखते. तो मुरुम."

"आणि निखारे?"

"हे जिवाणू स्वतःच्या पोटात पोर्फिरिन (उजेड शोषून घेणारा एक पदार्थ) तयार करतात. त्याच्यावर जांभळा उजेड पडला की तो केशरी चमकतो. तू बघितलेस ते जिवाणूंचे अड्डे."

"ई! मग मारायचे कसे?"

"उजेडानेच. पोर्फिरिनला एक ठरावीक निळा उजेड फार आवडतो. त्याची तरंगलांबी (उजेडाच्या एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर) चारशे पंधरा नॅनोमीटर असते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तो उजेड पोर्फिरिनने शोषला की आतला प्राणवायू एकदम तापट होतो. तो जिवाणूला आतूनच जाळतो. फटाका त्याच्याच पोटात असतो, आपण फक्त वात पेटवायची."

तिने स्कार्फवरून गालावर बोट फिरवलं. मग म्हणाली, "सगळे मुरुम जातील?"

"कमी होतील. सगळे जातीलच असं नाही. काहींना उपयोग होतो, काहींना होत नाही. दिव्याने तेल तयार होणं थांबत नाही. आणि आठ-दहा आठवडे धीर धरावा लागतो."

डॉक्टरांनी घरी दिवा लावायला हरकत नाही असं सांगितलं होतं. रोज पंधरा मिनिटं, जास्त नाही, डोळ्यांवर काळा चष्मा हवाच, आणि चोवीस दिवसांनी पुन्हा दाखवायचं. दिवा आमच्या घरात चादरीखाली होता. केरूचा निळा थोडा वेगळा, चारशे साठचा. मी दोन दिवस बसून त्याच्या दिव्याची पट्टी बदलली. शेजारी तांबड्या दिव्यांची एक पट्टीही बसवली. तांबडा उजेड निळ्यापेक्षा खोल जातो आणि सूज उतरायला मदत करतो.

मग वीज जोडली. केरूने मान वर केली आणि रोहिणीच्या आवाजात विचारलं, "डोळे झाकले का?"

शाल्मलीने माझ्याकडे बघितलं. मी पक्कड उचलली आणि परसात निघून गेलो.

रोज असंच झालं. सहा वाजता शाल्मली तोंड धुऊन केरूच्या खोलीत जायची, दार लावायची आणि मगच स्कार्फ काढायची. मला आत यायची परवानगी नव्हती. दाराआडून आवाज यायचा. "बाळ अजून पिवळं आहे." मग, "डोळे झाकले का?" पहिलं वाक्य कानावर आलं की मी परसात जाऊन कढीपत्त्याला पाणी घालायचो. त्या झाडाला त्या महिन्यात एवढं पाणी मिळालं की त्याची पानं पिवळी पडली.

शाल्मली एकदा जेवताना म्हणाली, "केरू मला पिवळं म्हणतो."

"जुनं यंत्र आहे. बरळतंय," मी म्हणालो.

चोविसाव्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा ठिपके मोजले. एकोणसाठ.

"तोंड धुऊन बसतेस ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कमाल आहे," डॉक्टर म्हणाल्या. "थोडा तरी फरक पडायला हवा होता."

घरी आलो. दारात चप्पल काढता काढता शाल्मली म्हणाली, "आबा, आजपासून मी बसणार नाही. आईला सांगा, माझं वर्ष गेलं."

मी केरूच्या खोलीत गेलो. केरूचा आता उपयोगच नसेल तर निदान त्याच्यातला तो आवाज काढून टाकू, असं मनात आलं. त्याची पाठ उघडली. केरू रोज बाळाला तपासून पिवळेपणाचा आकडा लिहून ठेवतो. ती यादी समोर आली.

पहिला दिवस, शून्य. दुसरा दिवस, सोळा. तिसरा, सोळा. चौथा, सतरा.

मी खाली बसलो. यंत्र बरळत असतं तर पहिल्या दिवसापासून बरळलं असतं. पहिल्या दिवशी शाल्मली पिवळी नव्हती. दुसऱ्या दिवसापासून होती. केरू ते बघत होता आणि रोज मोठ्याने सांगत होता. मी मात्र ते वाक्य आलं की परसात पळत होतो.

मी शाल्मलीचा काळा चष्मा उचलला. त्याच्या पट्ट्याला आतून पिवळा डाग होता. मी माझी दिवे तपासायची जांभळी विजेरी त्यावर मारली. डाग हिरवट पिवळा चमकला. तसं चमकणारी वस्तू आमच्या सांगली-मिरजेकडे प्रत्येक घरात असते.

"शालू," मी हाक मारली. "तोंडाला हळद लावतेस?"

ती दारात आली. स्कार्फच्या वर डोळे लाल झाले होते.

"आज्जीचं उटणं," ती म्हणाली.

मला आठवलं. रोहिणीने सांगलीच्या बाजारातून हळकुंडं आणली होती. हळद, आंबेहळद आणि मसुराचं पीठ घालून तिने एक बरणी भरली होती. चाळीस दिवसांचे चाळीस चमचे. ती स्वतः दुधात कालवून शाल्मलीला लावायची.

"तिने तेरा दिवस लावलं," शाल्मली म्हणाली. "मग तिला ताप आला. मी नंतर बरणी उघडलीच नाही. पण केरू तिच्या आवाजात बोलला ना, तेव्हा वाटलं चौदाव्या दिवसापासून पुढे लावावं. तोंड धुऊन लावायचं आणि मग दिव्याखाली बसायचं. दोन औषधं एकदम."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तिचं नाव काढलं की उठून जाता."

मी चष्मा खाली ठेवला. मी म्हणालो, "चल, एक गंमत दाखवतो." गंमत हा शब्द मी पाच महिन्यांत वापरला नव्हता.

स्वयंपाकघरात मी एका काचेच्या पेल्यात दिवे पुसायचं स्पिरिट घेतलं. त्यात चिमूटभर हळद ढवळली आणि फडक्यातून गाळली. स्वच्छ पिवळं पाणी झालं. पेल्यामागे पांढरा कागद उभा केला. खिडकीचा पडदा ओढला.

"केरूचा तांबडा दिवा लाव."

तिने केरूला ढकलत आणून तांबडा दिवा लावला. उजेड पेल्यातून पार गेला. कागदावर तांबडा गोल पडला.

"आता निळा. आधी चष्मा."

दोघांनी काळे चष्मे लावले. आमच्या चष्म्यांतून दिवे मंद दिसतात, पण दिसतात. निळा उजेड पेल्यात शिरला. पेला आत हिरवा चमकला आणि कागदावर काहीच पडलं नाही.

"निळा कुठे गेला?" शाल्मलीने विचारलं.

"तूच सांग. हळद पिवळी का दिसते?"

ती विचार करत राहिली. मी घाई केली नाही. बाहेर भाजीवाल्याची गाडी येऊन गेली.

"पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात," ती हळूहळू म्हणाली. "हळद त्यातला निळा खाते. उरलेले परत पाठवते. म्हणून पिवळी दिसते."

"बरोबर. पिवळी वस्तू निळा उजेड खाते. कावीळ झालेल्या बाळाच्या अंगात बिलिरुबिन (रक्तातला पिवळा पदार्थ) वाढलेलं असतं. तेही निळा उजेड खातं, त्याचा आकार बदलतो आणि ते शरीराबाहेर जातं. म्हणून तर बाळांना निळा दिवा. उजेड जिथे शोषला जातो, तिथेच काम करतो."

"आणि माझ्या तोंडावर..." ती थांबली. "माझ्या तोंडावर सगळा उजेड उटण्यानेच खाल्ला. खाली जिवाणूंपर्यंत पोहोचलाच नाही."

"हो."

"पोर्फिरिन उपाशीच राहिलं."

"हो."

ती खुर्चीवर बसली. "म्हणजे आज्जी चुकली."

"ती चुकली नाही. तिने उटणं केलं तेव्हा तुझ्यासाठी दिवा नव्हता. चूक माझी. केरू रोज सांगत होता, मी ऐकायला थांबलो नाही."

"तुम्ही का थांबला नाहीत ते मला माहीत आहे," ती म्हणाली.

मग तिने बरणी आणली. तळाशी थोडंसं उरलं होतं.

"बावीस चमचे मी वापरले. तेरा आणि बावीस, पस्तीस. पाच राहिलेत. ते मला संपवायचे होते. चाळीस म्हणाली होती ती."

मी म्हणालो, "सकाळी लाव, नीट धू, संध्याकाळी दिवा लाव."

तिने मान हलवली. "नको. थोडीशी राहिली तरी उजेड अडेल. ठेवून देते." तिने बरणी फळीवर मागे सरकवली. तिला ते जड गेलं. मलाही गेलं.

सहा वाजले होते. ती साबणाने तोंड धुऊन आली आणि माझ्यासमोर स्कार्फशिवाय उभी राहिली. चार महिन्यांनी मी तिचा चेहरा बघत होतो. लाल, सुजलेला, काही ठिकाणी खड्डे पडलेला. आणि कपाळ अगदी रोहिणीचं.

केरूने तिला तपासलं. "बाळाला घरी न्यायला हरकत नाही."

शाल्मलीला हसू आलं. "अजून नाही रे केरू. आता तर सुरुवात आहे."

मी त्या दिवशी परसात गेलो नाही.

त्यानंतर आठ आठवडे ती रोज बसली. एकही दिवस चुकवला नाही. एकोणसाठचे पन्नास झाले, पन्नासचे बत्तीस. मध्येच एका आठवड्यात पुन्हा एक्केचाळीस झाले, तेव्हा ती रात्री जेवली नाही. शेवटच्या तपासणीत अठरा आले. सूज उतरली होती. डाग आणि खड्डे तसेच होते. "ते दिव्याने जात नाहीत," डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं. "काही पुसट होतील, काही राहतील."

परीक्षेच्या दिवशी मी तिच्याबरोबर शाळेपर्यंत गेलो. तिने स्कार्फ बांधला होता. रांग लांब होती. मी रस्त्याच्या पलीकडे थांबलो. तिची पाळी आली.

"चेहरा दाखवा," यंत्र म्हणालं.

मागून एक मुलगा काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही, तिला आलं. तिने मागे वळून बघितलं. मग स्कार्फ सोडून गळ्यात घेतला आणि तो चेहरा, अठरा ठिपक्यांचा, डागांचा, यंत्रासमोर धरला. दार उघडलं. ती आत गेली. तिने माझ्याकडे बघितलं नाही, आणि मला तेच बरं वाटलं.

संध्याकाळी ती घरी आली ती बोलतच. दुसऱ्या कुठल्या जंतूंवर कुठला रंग चालतो, जखमेतल्या जंतूंवर उजेड टाकता येईल का, केरूला चेहऱ्याच्या प्रत्येक भागाचा वेगळा आकडा मोजता येईल का. मला अर्ध्या प्रश्नांची उत्तरं येत नव्हती. "मग शोधायला लागतील," ती म्हणाली आणि केरूची पाठ उघडून बसली. तासाभराने केरू चौथं वाक्य बोलायला लागला. "चेहरा धुतला का?" हा आवाज शाल्मलीचा होता.

मग तिने फळीवरून बरणी काढली.

"आबा, हात पुढे करा."

"माझे? कशाला?"

"पाच दिवस राहिलेत. माझ्या तोंडाला लावता येत नाही. तुमचे हात बघा कसे फुटलेत. आज्जी कटकट करायची ना त्यावरून?"

करायची. छत्तीस वर्षं करत होती. मी हात पुढे केले. पाच संध्याकाळी शाल्मलीने दुधात कालवून एकेक चमचा माझ्या हातांना लावला. पाचव्या दिवशी बरणी रिकामी झाली. तिने ती विसळली नाही, तशीच झाकण लावून ठेवली.

त्या वेळी केरू शेजारीच होता. त्याने मान वळवली, माझे हात बराच वेळ तपासले आणि रोहिणीच्या आवाजात म्हणाला, "बाळ अजून पिवळं आहे."

शाल्मली खदखदून हसली. मीही हसलो. केरूने दिवा पुढे केला आणि नेहमीसारखं विचारलं, "डोळे झाकले का?"

"झाकले," मी म्हणालो.